बेसमेंटमधला रेडॉन: मोजायचा कसा, कमी करायचा कसा

अमेरिकेत पहिलं घर घेताना होम इन्स्पेक्शनच्या फॉर्मवर एक चौकोन येतो: रेडॉन टेस्ट हवी की नको. पुढे जादा आकार लिहिलेला असतो, साधारण दीडदोनशे डॉलर. डाउन पेमेंट, क्लोजिंगचा (खरेदी पक्की होतानाचा) खर्च, विमा, मूव्हर्स यांनी आधीच जीव मेटाकुटीला आलेला असतो. त्यात रेडॉनची आपली ओळख एवढीच, की अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात निष्क्रिय वायूंच्या रांगेत तो शेवटी उभा होता. मग बरेच जण ‘नको’वर खूण करून मोकळे होतात.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. इथलं राज्य सरकारच सांगतं की राज्यातल्या सुमारे ४० टक्के घरांत रेडॉन ठरलेल्या मर्यादेच्या वर निघतो. आमच्या घरात मोजणं, रेडॉन बाहेर काढणारा पाइप बसवणं, पुन्हा मोजणं हे सगळं झालं आहे. नव्याने घर घेणारा कुणी ना कुणी दर उन्हाळ्यात फोन करतो आणि तेच प्रश्न विचारतो. म्हणून एकदा नीट लिहून काढलं.

आधी हे प्रकरण काय आहे ते

माती आणि खडकांत थोडंफार युरेनियम सगळीकडेच असतं. त्याचा ऱ्हास होत होत रेडियम बनतं आणि रेडियमपासून रेडॉन. या साखळीतले बाकीचे घटक घनरूप, ते जागच्या जागी राहतात. रेडॉन तेवढा वायू, म्हणून तो मातीच्या फटींतून वर सरकतो. मोकळ्या हवेत आला की विरून जातो. घराखाली आला तर मात्र घर त्याला आत ओढून घेतं. थंडीत आतली गरम हवा वर चढते आणि छताजवळच्या फटींतून बाहेर पडते. तिची जागा भरायला खालून हवा येते. बेसमेंटच्या काँक्रीटला गेलेले तडे, भिंत आणि जमीन यांच्या सांध्यातली फट, पाइपांभोवतीची पोकळी, बेसमेंटखाली साचलेलं पाणी उपसणाऱ्या संप पंपाचा खड्डा, सगळे तिचे रस्ते. त्या हवेबरोबर रेडॉन.

त्याला रंग नाही, वास नाही. त्याने डोकं दुखत नाही, खोकला येत नाही, डॉक्टरांकडे जाऊन करून घेण्यासारखी त्याची तपासणीही नाही. रेडॉन-२२२चं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं. तो फुटला की पोलोनियमसारखे किरणोत्सारी कण बनतात, ते श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन तिथेच अल्फा कण सोडतात. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या अंदाजाने देशात वर्षाला सुमारे २१,००० मृत्यू यामुळे होतात. धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कॅन्सरचं हे दुसरं मोठं कारण, आणि सिगारेट न ओढणाऱ्यांत पहिलं.

‘आमच्या आजोबांनी सगळं आयुष्य वाड्यात काढलं, कुणी रेडॉन मोजला नाही,’ हे हमखास ऐकायला मिळतं. खरं आहे. पण महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर, बसलेला आहे आणि त्यात ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम बरंच कमी असतं. शिवाय घर जोत्यावर, खिडक्या बारा महिने उघड्या, आणि तळघरात कुणी झोपत नाही. इथे आपण नेमकं उलटं करतो. सहा महिने घर बंद, आणि बेसमेंटमध्ये वर्क फ्रॉम होमचं टेबल, मुलांची खेळायची जागा, दहा दिवसांचा गणपती, आणि भारतातून आलेल्या आईबाबांची सहा महिन्यांची खोली. घरात जास्त वेळ असणारी माणसं आपण नेमकी तिथे बसवतो.

१. काय काय लागेल

स्वतः मोजायचं असेल तर फार काही लागत नाही:

- कोळशाचं शॉर्ट-टर्म किट, म्हणजे दोन-तीन दिवस ठेवायचं, १५ ते ३० डॉलर. होम डेपोसारख्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतं. लॅबची फी आणि परतीचं पोस्टेज किमतीत धरलंय का ते पाकिटावर वाचा. काही स्वस्त किटांची लॅब फी नंतर वेगळी मागतात.
- लाँग-टर्म किट, म्हणजे अल्फा-ट्रॅक. हे ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवायचं असतं.
- जमल्यास घरगुती डिजिटल मॉनिटर, शंभर ते दोनशे डॉलरच्या आसपास.
- मोजपट्टी, पेन, आणि किट उघडल्याची व बंद केल्याची वेळ लिहायला कागद.

घर विकत घेत असाल तर सेलर्स डिस्क्लोजर (घराच्या दोषांबद्दल विकणाऱ्याने लिहून दिलेला कागद), आधीच्या टेस्टचा रिपोर्ट असला तर तो, आणि सिस्टीम आधीच बसवलेली असेल तर काँट्रॅक्टरचं बिल, वॉरंटी आणि नंतरच्या टेस्टचा आकडा, एवढे कागद मागून घ्या.

जानेवारी हा अमेरिकेत रेडॉन जागृतीचा महिना असतो. त्या सुमारास बऱ्याच राज्यांचे आणि काउंटींचे आरोग्य विभाग किट फुकट किंवा सवलतीत देतात. तेव्हा घरं बंद असतात, म्हणजे मोजायलाही हाच हंगाम योग्य.

२. नकाशा बघा, पण त्यावर विसंबू नका

ईपीएने १९९३ मध्ये काउंटीवार नकाशा काढला. झोन १ (नकाशावर लाल) म्हणजे सरासरी ४च्या वर जाण्याची शक्यता (हा आकडा पिकोक्युरी प्रति लिटर या रेडॉनच्या मापातला), झोन २ मध्यम, झोन ३ कमी. आयोवाच्या सगळ्या काउंटी झोन १ मध्ये आहेत. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इलिनॉय, कोलोरॅडो या राज्यांतही लाल रंग भरपूर.

या विषयाला तोंड फुटलं ते आमच्याच राज्यात. १९८४च्या डिसेंबरात लिमरिकच्या अणुवीज केंद्रात काम करणारे स्टॅनली वॉट्रस यांच्यामुळे तिथले किरणोत्साराचे अलार्म वाजू लागले. केंद्र अजून सुरू व्हायचं होतं आणि माणूस तर कामावर येतानाच अलार्म वाजवत होता. शोध घेतल्यावर कळलं की किरणोत्सार ते घरून घेऊन येत होते. बॉयरटाउनजवळच्या त्यांच्या घरात रेडॉन सुमारे २,७०० पिकोक्युरी प्रति लिटर निघाला. आजची मर्यादा ४ आहे. पेनसिल्व्हेनियापासून न्यू जर्सी ओलांडून न्यू यॉर्कपर्यंत गेलेल्या ‘रीडिंग प्राँग’ नावाच्या खडकाच्या पट्ट्यावर ते घर होतं.

नकाशाचा उपयोग एवढाच, की झोन १ मध्ये असाल तर टाळाटाळ करू नका. झोन ३ मध्ये असाल म्हणून सुटलात असं नाही, तिथेही जास्त आकड्याची घरं सापडतात. शेजाऱ्याचा आकडा तर अजिबात धरू नका. एकाच बिल्डरची, एकाच नकाशाची, भिंतीला भिंत लागून असलेली दोन घरं वेगळे आकडे देतात, कारण खालची माती, काँक्रीटचे तडे आणि घरातला हवेचा दाब वेगळा असतो. ‘समोरच्या देशपांड्यांकडे १.८ आलं, मग आपल्याकडेही तेवढंच असणार’ हा हिशेब चालत नाही.

३. किट कुठे ठेवायचं

ज्या सर्वांत खालच्या मजल्यावर तुमचा नेहमीचा वावर आहे, तिथे. बेसमेंटमध्ये फक्त बॅगा आणि बर्फाचं फावडं असेल तर पहिला मजला. पण पुढे बेसमेंट फिनिश करायचं, म्हणजे राहण्याजोगं करायचं, मनात असेल तर आत्ताच बेसमेंटमध्ये मोजा.

जमिनीपासून किमान २० इंच वर, खिडकी आणि बाहेरच्या दारापासून ३ फूट लांब, बाहेरच्या भिंतीपासून फूटभर आत. स्वयंपाकघर, बाथरूम, लाँड्री नको. तिथली वाफ कोळशाला चालत नाही आणि एक्झॉस्ट फॅनमुळे हवा हलते. संपच्या खड्ड्यावर किंवा तड्याजवळ ठेवून ‘सगळ्यात वाईट काय ते बघू’ असंही करू नका. तुम्हाला श्वासात जाणारी हवा मोजायची आहे. हीटरच्या झोतात, उन्हात, पंख्याखाली नको. एकदा ठेवलं की हलवायचं नाही. घरात रांगतं मूल असेल तर पुस्तकांच्या कपाटाचा मधला कप्पा उत्तम.

४. घर बंद ठेवणं

शॉर्ट-टर्म टेस्टचा सगळा खेळ इथे बिघडतो. किट उघडायच्या आधी १२ तास आणि टेस्ट चालू असेपर्यंत सगळ्या मजल्यांच्या खिडक्या बंद. ‘सगळ्या’ म्हणजे वरच्या बेडरूमची पण. बाहेरची दारं येण्याजाण्यापुरती उघडा. फायरप्लेस, खिडकीत लावायचे पंखे, अख्ख्या घराची हवा बाहेर फेकणारा ॲटिकमधला, म्हणजे छताखालच्या माळ्यावरचा, पंखा बंद. हीटिंग आणि एसी नेहमीसारखे चालू ठेवा, ते आतलीच हवा फिरवतात.

फोडणीचं काय, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी येतो. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट थोडा वेळ लावला तर चालतो, बाथरूमचाही. मासे तळून दोन तास खिडक्या सताड उघडायच्या असतील तर तो बेत पुढच्या आठवड्यात ठेवा. वादळी वाऱ्याचा इशारा असेल तर दोन-तीन दिवसांची टेस्ट सुरूच करू नका, घराखालचा दाब बदलतो आणि आकडा भरवशाचा राहत नाही.

५. फॉर्म आणि पोस्ट

किटबरोबरच्या फॉर्मवर सुरुवातीची आणि शेवटची तारीख-वेळ लिहायची असते. इथे आपली एक खास अडचण आहे. आपण ५ नोव्हेंबर ‘५/११’ असं लिहितो. लॅबवाला ते ११ मे वाचतो. कोळशात अडकलेला रेडॉन दर पावणेचार दिवसांनी निम्मा होत असतो आणि लॅब तुमच्या तारखांवरूनच उलटा हिशेब मांडते. तारीख चुकली की टेस्ट फुकट. आधी महिना, मग दिवस, आणि वेळेपुढे एएम की पीएम ते स्पष्ट.

याच कारणाने किट बंद केलं की त्याच दिवशी पोस्टात टाका. शुक्रवारी संध्याकाळी सुरू करून सोमवारी सकाळी बंद करणं सोयीचं पडतं, मात्र तो सोमवार सुट्टीचा नाही ना ते बघा. लाँग वीकेंडभर टपालपेटीत पडलेलं किट लॅबमध्ये पोचेपर्यंत निकामी होऊ शकतं. किटवर छापलेली एक्स्पायरी, किती दिवसांत लॅबला पोचलं पाहिजे ती अट आणि फॉर्मवरचा व किटवरचा नंबर जुळतोय का, हे पाकीट चिकटवण्याआधी तपासा.

अल्फा-ट्रॅकला ही घाई नसते. त्यातल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर अल्फा कणांचे ओरखडे उमटतात, लॅब ते मोजते. घरही बंद ठेवावं लागत नाही. तुम्ही जसे राहता तसं राहा.

६. आकडा हातात आल्यावर

रिपोर्टवर आकडा पिकोक्युरी प्रति लिटरमध्ये असतो. बाहेरच्या हवेत साधारण ०.४, अमेरिकी घरांत सरासरी १.३.

४ किंवा जास्त आलं तर ईपीए म्हणते दुरुस्ती करा. २ ते ४ मध्ये असेल तर ‘विचार करा’. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला जास्त कडक आहे, १०० बेक्वेरेल प्रति घनमीटर, म्हणजे २.७ पिकोक्युरी. रेडॉनची ‘सुरक्षित’ अशी पातळी नाही, ३.९ला निश्चिंत आणि ४.१ला धावपळ, असं काही त्या आकड्यात नाही. माझं मत विचाराल तर बेसमेंटमध्ये रोज आठ तास बसणारं कुणी असेल तर ३ला सुद्धा पाइप बसवून घ्या. बेसमेंटमध्ये पाय ठेवायचाच झाला तर फक्त फर्नेसचा (घर गरम करणाऱ्या यंत्राचा) फिल्टर बदलायला, अशा घरात ३ आलं तर आधी लाँग-टर्म किट लावून बघा.

पहिला आकडा ४ ते ८ मध्ये असेल तर लाँग-टर्म टेस्ट किंवा दुसरी शॉर्ट-टर्म टेस्ट करा. ८च्या वर असेल तर लांबवू नका, लगेच दुसरी शॉर्ट-टर्म. दोन शॉर्ट-टर्मची सरासरी ४ किंवा जास्त आली की काँट्रॅक्टर शोधायला घ्या.

घाबरून त्याच रात्री हॉटेलात जायचं कारण नाही. हा धोका वर्षांचा आहे. ईपीएचा हिशेब असा, की आयुष्यभर ४च्या पातळीत राहिलेल्या, कधीच सिगारेट न ओढलेल्या हजार माणसांत सुमारे सात जणांना फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. सिगारेट ओढणाऱ्यांत तोच आकडा सुमारे बासष्ट. घरात कुणी ओढत असेल तर पाइपाच्या आधी कुठली गोष्ट बंद व्हायला हवी हे वेगळं सांगायला नको.

डिजिटल मॉनिटरबद्दल. तो घ्या, उपयोगी आहे, पण रोज सकाळी चहाबरोबर त्याचा आकडा बघत बसू नका. रेडॉन तासातासाला, पावसाला, थंडीला वरखाली होतो. आज ५, उद्या २, परवा ६ हे नेहमीचं. महिन्याची आणि तीन महिन्यांची सरासरी धरा.

७. घर विकत घेत असाल तर

इथे वेळ कमी असतो. इन्स्पेक्शनच्या मुदतीत, म्हणजे बहुधा आठ-दहा दिवसांत, सगळं उरकायचं असतं. तेव्हा सर्टिफाइड टेस्टरचं कंटिन्युअस मॉनिटर लावून घ्या. ते किमान ४८ तास चालतं, दर तासाचा आकडा नोंदवतं आणि मध्येच खिडक्या उघडल्या किंवा यंत्र हलवलं तर बहुतेक यंत्रांच्या आलेखावर ते दिसतं. विकणारा अजून त्याच घरात राहत असतो, म्हणून हे महत्त्वाचं. टेस्टरकडून नुसता सरासरीचा आकडा न घेता पूर्ण तासवारी मागा.

आकडा जास्त आला तर घर सोडायची गरज नाही. चांगल्या शाळेच्या हद्दीतलं, मनासारखं घर ६.२ आलं म्हणून सोडणारे लोक मी पाहिलेत, आणि मग पुढच्या घरात ९. हा दुरुस्त होणारा दोष आहे. दोन मार्ग असतात: विकणाऱ्याने क्लोजिंगआधी सिस्टीम बसवून द्यायची, किंवा तेवढे पैसे क्रेडिट म्हणून द्यायचे. मी क्रेडिट घ्या म्हणतो. विकणारा बसवतो तेव्हा सगळ्यात स्वस्त कोट निवडतो आणि पाइप दर्शनी बाजूने, तुमच्या दिवाणखान्याच्या खिडकीशेजारून वर नेला जातो. तुम्ही बसवलात तर काँट्रॅक्टर तुमचा, जागा तुमची, वॉरंटी तुमच्या नावावर.

‘नवीन बांधकाम आहे, रेडॉन नसतो’ हे सेल्स ऑफिसमध्ये सांगतात. ते खरं नाही. नवीन घरं जास्त हवाबंद असतात. बऱ्याच नव्या घरांत मात्र खडीचा थर, त्यावर प्लॅस्टिक आणि तिथून छतापर्यंत गेलेला एक पाइप आधीच घातलेला असतो. न्यू जर्सीत जास्त धोक्याच्या गावांत नव्या घरांना हे सक्तीचंच आहे. पंख्याशिवायचा हा पाइप रेडॉन थोडा कमी करतो, पण पुरेसा करेलच असं नाही. राहायला गेल्यावर मोजा. जास्त आला तर ॲटिकमध्ये त्याच पाइपाला पंखा जोडला की काम होतं, आणि खर्चही बराच वाचतो.

८. काय करून पैसे वाया जातात

तडे भरणं. हार्डवेअरच्या दुकानातून कॉकिंगच्या नळ्या आणून वीकेंडभर गुडघे घासायचे. ईपीए स्पष्ट सांगते की नुसतं सील करणं पुरत नाही. तडे भरायचेच असतात, पण ते पंख्याची ओढ वाया जाऊ नये म्हणून. काँक्रीट नव्या जागी तडकतंच.

एअर प्युरिफायर. त्याने धुळीबरोबरचे काही कण पकडले जातील, रेडॉन वायू तसाच राहतो.

खिडक्या उघडणं. उघड्या असेपर्यंत आकडा उतरतो, बंद केल्या की काही तासांत परत. थंडीत फक्त वरच्या मजल्याच्या खिडक्या उघडल्या तर खालची ओढ उलट वाढू शकते.

आणि ग्रॅनाइटचा ओटा. त्याच्यातून किंचित रेडॉन येऊ शकतो, पण घराचा आकडा तो ठरवत नाही. नवा ओटा उखडायच्या गोष्टी करू नका.

९. खरा उपाय आणि काँट्रॅक्टर

पद्धत जुनी आणि सरळ आहे. बेसमेंटच्या काँक्रीटला भोक पाडतात, खालची थोडी माती-खडी उकरून खळगा करतात, त्यात तीन किंवा चार इंची पीव्हीसी पाइप बसवतात आणि पंख्याने खालची हवा सतत ओढून छताच्या वर सोडतात. शहाळ्यात स्ट्रॉ घालून ओढावं तसंच. काँक्रीटखालचा दाब घरातल्या दाबापेक्षा कमी झाला की हवेची दिशा उलटते, आणि जी फट रेडॉन आत आणत होती तिच्यातून घरातली हवा खाली जाऊ लागते. बहुतेक घरांत एका दिवसात काम होतं. खर्च साधारण १,००० ते २,५०० डॉलर. बेसमेंटऐवजी क्रॉल स्पेस (घराखाली रांगत जाण्याएवढी पोकळी) असेल तर जमिनीवर जाड प्लॅस्टिक अंथरून, कडा चिकटवून त्याखालून ओढतात. मजुरी जास्त, म्हणून खर्चही जास्त.

बेसमेंट फिनिश करायचं असेल तर हे काम आधी. कार्पेट, ड्रायवॉल, होम थिएटर झाल्यावर भोक पाडायला जागा शोधताना काँट्रॅक्टर आणि तुम्ही दोघंही वैतागता.

काँट्रॅक्टर एनआरपीपी किंवा एनआरएसबी या संस्थांकडून सर्टिफाइड हवा. पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, ओहायो, इलिनॉय अशा काही राज्यांत राज्याचं सर्टिफिकेट किंवा लायसन्स लागतं आणि यादी राज्याच्या वेबसाइटवर असते. दोन-तीन कोट घ्या आणि प्रत्येकाला हे विचारा:

- कोणत्या आकड्याची हमी देता? ‘४च्या खाली’ सगळेच देतात, ‘२च्या खाली’ देणारेही भेटतात. हमी पूर्ण झाली नाही तर दुसरं भोक फुकट का?
- पंखा कुठे? तो ॲटिकमध्ये, वर राहती खोली नसलेल्या गराजमध्ये किंवा घराबाहेर हवा. बेसमेंटमध्ये कधीच नाही. पंख्यापुढच्या पाइपात हवा दाबाने जाते; तिथे सांधा गळला तर गोळा केलेला सगळा रेडॉन घरात.
- तोंड कुठे सोडणार? जमिनीपासून किमान १० फूट वर आणि छताच्या कडेच्या वर. १० फुटांच्या आत खिडकी असेल तर तोंड तिच्यापेक्षा किमान २ फूट उंच.
- संपच्या खड्ड्याला हवाबंद झाकण घालणार का? उघडा खड्डा म्हणजे राजमार्ग. पंप दिसेल असं पारदर्शक, स्क्रूने उघडणारं झाकण मागा.
- पाइप गराजच्या भिंतीतून जाणार असेल तर फायर कॉलर (आग लागली तर पाइपाचं भोक बंद करणारी कडी) घालणार का?
- इलेक्ट्रिकचं काम आणि परमिट किमतीत आहे का?

फोनवरच किंमत सांगून ‘उद्या येतो’ म्हणणारा नको. चांगला माणूस आधी बेसमेंटभर फिरतो, काँक्रीटला छोटं भोक पाडून व्हॅक्यूम लावतो, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या भोकाजवळ धुराची कांडी धरतो. धूर खाली ओढला गेला तर एक पाइप पुरेल. धूर जागच्या जागी घुटमळला तर खालची माती चिकण आहे, ओढ तिथवर पोचत नाही, दोन पाइप लागतील.

घरात गॅसवरचं जुनं वॉटर हीटर किंवा फर्नेस चिमणीला जोडलेलं असेल तर बॅकड्राफ्टची तपासणी करून घ्या. पंखा घरातली हवाही थोडी ओढतो, त्यामुळे जळालेला वायू चिमणीतून उलटा घरात येऊ शकतो. बेसमेंटमध्ये कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर नसेल तर याच निमित्ताने लावा.

टाउनहाउस असेल तर काम सुरू करण्याआधी एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची, लेखी परवानगी. बाहेरून पाइप न्यायला अनेक ठिकाणी आक्षेप असतो. ॲटिकमधून नेण्याचा नकाशा जोडला की अर्ज सहसा मंजूर होतो.

१०. बसवल्यानंतर

बेसमेंटमधल्या पाइपावर यू आकाराची काचेसारखी नळी दिसेल, आत रंगीत तेल. हा मॅनोमीटर. पंखा चालू असताना तेलाच्या दोन बाजू वरखाली असतात. दोन्ही बाजू एका पातळीत आल्या की समजा पंखा बंद पडला, किंवा कुणीतरी ब्रेकर पाडला, किंवा नळीच निसटली. पहिल्या दिवशी तेलाच्या पातळीवर मार्करने रेघ मारून तारीख लिहून ठेवा. कपडे धुवायला खाली गेलात की नजर टाकायची, बस. पण ही नळी रेडॉन मोजत नाही, फक्त ओढ दाखवते. ओढ ठीक असूनही आकडा जास्त असू शकतो.

म्हणून पुन्हा टेस्ट. पंखा चालू होऊन किमान २४ तास झाल्यावर आणि ३० दिवसांच्या आत. काँट्रॅक्टरने किट ठेवून दिलं तरी स्वतःचं एक वेगळं लावा, स्वतःच्या कामाचे मार्क स्वतः देणाऱ्यावर किती विसंबायचं. त्यानंतर दर दोन वर्षांनी, आणि बेसमेंट फिनिश केलं, फर्नेस बदललं, घराला जोडून खोली काढली तर तेव्हाही.

पंखा चोवीस तास, बारा महिने चालतो. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या आहेत म्हणून बंद करू नका, भारतात महिनाभर जाताना तर मुळीच नाही. वीज एखाद्या जुन्या बल्बएवढी खातो. पाच-दहा वर्षांनी बदलावा लागतो, वॉरंटी बहुधा पाचच वर्षांची. घरघर वाढली की बेअरिंग गेलं समजा. पावसाळी दिवसांत पाइपात पाणी गुळगुळल्याचा आवाज येत असेल तर पाइपाला उतार नीट दिलेला नाही. काँट्रॅक्टरला परत बोलवा.

११. ज्यांचं प्रकरण थोडं वेगळं आहे

अपार्टमेंट: तिसऱ्या मजल्याच्या खाली राहत असाल तर मोजा. भाड्याचं घर असेल तरी किट लावायला कुणाची परवानगी लागत नाही. आकडा जास्त आला तर रिपोर्ट जोडून घरमालकाला लेखी कळवा. दुरुस्तीची जबाबदारी कुणाची, हे राज्याराज्यांत वेगळं.

विहिरीचं पाणी: गावाबाहेर मोठा प्लॉट घेतलात आणि पाणी बोअरवेलचं असेल तर शॉवर आणि भांड्यांच्या पाण्यातूनही रेडॉन हवेत येतो. पाण्यात १०,००० पिकोक्युरी प्रति लिटर असेल तर घरातल्या हवेत साधारण १ची भर पडते. हवेचा आकडा जास्त आला तरच पाण्याची वेगळी टेस्ट करा. नगरपालिकेचं पाणी नदी-तलावाचं असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही.

कॅनडा आणि ब्रिटनमधल्यांसाठी: दोन्हीकडे बेक्वेरेलमध्ये मोजतात, १ पिकोक्युरी प्रति लिटर म्हणजे ३७ बेक्वेरेल प्रति घनमीटर. दोन्हीकडे २००च्या वर गेलं की दुरुस्ती. कॅनडात थंडीच्या मोसमात किमान तीन महिने मोजायला सांगतात. ब्रिटनमध्ये दोन डिटेक्टर पोस्टाने येतात, एक दिवाणखान्यात आणि एक बेडरूममध्ये, तेही तीन महिने. कॉर्नवॉल आणि डेव्हनमध्ये ग्रॅनाइटमुळे जास्त घरं सापडतात.

टेस्टचे सगळे रिपोर्ट, बिल, वॉरंटी आणि पंख्याचा मॉडेल नंबर एका फाइलमध्ये ठेवा आणि मोबाइलवर फोटोही काढा. घर विकायला काढाल तेव्हा समोरच्याचा इन्स्पेक्टर पहिली मागणी याच कागदांची करतो, आणि ते हातात असले की रेडॉनच्या नावाखाली किंमत पाडून मागायला त्याच्या रिअल्टरला जागा उरत नाही.